नव्या कोंबड्या मोकळ्या सोडण्यापूर्वी

परसात दहावीस कोंबड्या बाळगण्याची चाल आपल्या खेड्यांतून फार जुनी आहे. सकाळी खुराड्याचे दार उघडावे, दिवसभर कोंबड्यांनी उकिरडा, अंगण व बांध धुंडाळावा, आणि तिन्हीसांजा त्यांनी आपापल्या पायांनी परत येऊन दांडीवर बसावे, असा हा क्रम आहे. त्यात मुद्दाम शिकण्यासारखे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. घरच्या खुडूक कोंबडीने उबविलेल्या पिलांपुरते हे खरेही आहे. आईच्या पाठीमागे फिरता फिरता घर, आडोसा, पाण्याची जागा, घारीची सावली या साऱ्या गोष्टींचे शिक्षण पिलांना मिळून जाते आणि मालकास त्यासाठी काही करावे लागत नाही.

परंतु परसातील कुक्कुटपालनासाठी म्हणून तयार केलेल्या सुधारित जाती आता खेडोपाडी पोचल्या आहेत. हैदराबाद येथील केंद्रात सिद्ध झालेल्या वनराज व ग्रामप्रिया, तसेच बंगळूर येथील कृषी विद्यापीठात निर्माण झालेली गिरीराज या जातींचे पक्षी शेतकरी कुटुंबे हौसेने आणतात. हे पक्षी यंत्रावर उबविलेले असतात व कृत्रिम उष्णतेखाली वाढलेले असतात. आई कशी असते हे त्यांना ठाऊक नसते. आठ-दहा आठवडे एकाच खोलीत, तुसाच्या गादीवर, भांड्यातले खाद्य खाऊन ते मोठे झालेले असतात. अशा पक्ष्यांना गावठी कोंबडीप्रमाणे पहिल्याच दिवशी अंगणात सोडून देणे म्हणजे परगावच्या पोरास बाजारात एकटे उभे करणे होय.

नेहमी घडणारा प्रकार असा. वीस तलंगा आणल्या जातात. दुपारी पाटीतून काढून त्या अंगणात सोडल्या जातात. तासभर त्या एकमेकींना चिकटून भिंतीलगत उभ्या राहतात, मग हळूहळू पांगतात. दिवे लागण्याच्या वेळी खुराड्याचे दार उघडे ठेवून घरची माणसे वाट पाहतात, पण एकही पक्षी आत जात नाही. काही कडब्याच्या गंजीखाली दडतात, काही कुंपणावर, तर काही चिंचेच्या खालच्या फांदीवर बसतात. मुले आरडाओरडा करीत मागे धावतात, त्यामुळे उरलेल्याही उधळतात. पहाटे मुंगूस वा रानमांजर आपला वाटा घेऊन जाते. दोनचार पक्षी गावात जातात ते परत येत नाहीत. आठवड्याच्या शेवटी वीसपैकी बारा-तेरा उरले की, ही जातच नाजूक, आपल्याकडे टिकावयाची नाही, असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः जातीचा त्यात फारसा दोष नसतो. सुमारे दहा दिवसांचा जो एक सोपा उपचार करावयास हवा होता तो झालेला नसतो.

घर कोणते, हे कोंबडीस कसे कळते

कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडी रानकोंबडी. (सह्याद्रीच्या जंगलात दिसते ती करडी रानकोंबडी होय. ती निराळी.) हा पक्षी दिवसा जमिनीवर चरतो व रात्री उंच जागी बसून झोपतो. कोंबडीची दिवसाची नजर तीक्ष्ण असली तरी अंधारात तिला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून उजेड ओसरू लागला की सुरक्षित जागा गाठण्याची निकड तिच्या रक्तातच आहे. मात्र ती सुरक्षित जागा कोणती, हे तिच्या रक्तात नसते. ज्या जागी ती सलग काही रात्री निर्भयपणे झोपली आणि सकाळी जेथे तिला दाणापाणी मिळाले, ती जागा ती आपली मानते. एकदा हा समज पक्का झाला की मालकाने हाकलले तरी ती दुसरीकडे झोपावयास जात नाही. नव्या पक्ष्याला खुराड्यात कोंडून ठेवावयाचे ते एवढ्यासाठी की, हा समज आपल्या खुराड्याविषयी व्हावा, चिंचेविषयी होऊ नये.

यासाठी किती दिवस लागतात, याविषयी निरनिराळे सांगितले जाते. तीनचार दिवसांत भागते असे म्हणणारे अनुभवी लोक आहेत व थोड्या पक्ष्यांच्या बाबतीत ते खरेही ठरते. तथापि एका आठवड्याच्या आत दार उघडू नये, आणि दहा दिवस मिळाले तर अधिक चांगले. कारण सवय लागणे हा या दिवसांचा एकच उपयोग नव्हे. याच अवधीत पक्ष्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवता येते आणि त्यांना मालकाच्या हाकेची ओळख करून देता येते. पक्षी लहान असतील तर मुदत वाढवावी. पाच-सहा आठवड्यांच्या आतील पिले मोकळी सोडण्याचा विचारच करू नये. त्यांची पिसे पुरती भरलेली नसतात, आणि घार व कावळा या दोघांनाही ती सहज उचलता येतात.

खुराडे आधी, पक्षी मागाहून

पक्षी आणल्यावर खुराड्याची तयारी करण्याची रीत सोडून द्यावी. खुराडे ज्या जागी कायम राहावयाचे त्याच जागी ते आधी उभे असले पाहिजे. दहा दिवस ओसरीत डालग्याखाली ठेवलेल्या कोंबड्या ओसरीच ओळखू लागतात, आणि पुढे गोठ्यामागच्या खुराड्यात जाण्यास त्या तयार होत नाहीत. जागा ठरविताना घरच्या स्त्रीचे मत घ्यावे. खुराड्याचे दार तिलाच उघडावे व लावावे लागते, अंडी तीच गोळा करते, आणि बहुतेक घरांत अंड्यांचा पैसाही तिच्याच हाती असतो. स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या खुराड्यावर जितके लक्ष राहते तितके गोठ्यामागच्या खुराड्यावर राहत नाही.

रात्रीपुरते बसावयास मोठ्या पक्ष्यास एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. परंतु हे दहा दिवस पक्षी चोवीस तास आतच असणार, हे ध्यानात ठेवून दर पक्ष्यास निदान दोन चौरस फूट जागा मिळेल अशी व्यवस्था हवी. वीस पक्ष्यांसाठी चाळीस चौरस फुटांचे खुराडे बांधणे अनेकांना परवडत नाही. अशा वेळी पाच फूट लांब व पाच फूट रुंद असे खुराडे करून त्याच्या दारासमोर बांबू, तुरकाट्या व जाळी यांचा तात्पुरता वाडा बांधावा. वाड्यावरही जाळी घालावी, कारण घार कुंपण मानीत नाही. दिवसा पक्षी या वाड्यात वावरतील व आजूबाजूचे घर, झाड, कुत्रा, माणसे सुरक्षितपणे पाहून घेतील. पक्षी बाहेर पडण्यापूर्वी परिसराची अशी नुसती डोळ्यांनी झालेली ओळखही पुढे उपयोगी पडते.

जाळीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाजारात कोंबड्यांची म्हणून जी षटकोनी मोठ्या छिद्रांची पातळ जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. मुंगूस लहान फटीतून शिरतो, आणि एकदा आत शिरला की एकावर थांबत नाही. घूस मातीच्या जमिनीखालून येते. खुराड्याच्या तळाशी निदान दीड-दोन फूट उंचीपर्यंत अर्ध्या इंचाची घट्ट जाळी असावी व तिची खालची कड एक फूट जमिनीत पुरावी, अथवा पाया दगडांनी बंद करावा. दाराला दोरी न बांधता कडी लावावी. कोकणात व घाटमाथ्यावर खुराडे जोत्यावर घ्यावे, नाहीतर पावसाळ्यात गादी कोरडी राहणे अशक्यच.

आतील दांडीकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी असावी व प्रत्येक पक्ष्यास तिच्यावर सहा ते आठ इंच जागा मिळावी. गावठी कोंबडी उंच दांडीवर सहज उडून बसते. सुधारित जाती अंगाने जड असल्याने त्यांच्यासाठी दांडी दीड-दोन फुटांहून उंच नको. अंड्यांची खोकी असतील तर दांडी त्यांच्याहून थोडी उंच हवी. तसे नसेल तर पक्षी खोक्यांतच झोपतात व ती घाण करतात.

आणण्याचा दिवस

उन्हाच्या दिवसांत पक्षी रात्री अथवा पहाटे आणावेत. विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत एप्रिल-मे महिन्यांत ते न आणलेले बरे. ज्याला घाई नाही त्याने पावसाळा उलगडल्यावर, हवा कोरडी व सौम्य असताना आणावेत. आणताना विक्रेत्याला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: कोणत्या लसी कोणत्या तारखांना दिल्या, आणि खाद्य कोणते चालू आहे. त्याच खाद्याचे दोनचार किलो बरोबर घ्यावे. प्रवास, नवी जागा आणि नवे खाद्य हे तीन ताण एकाच दिवशी पडले तर पक्षी खाणेच टाकतो. जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळीत चारपाच दिवसांत पालट पुरा करावा.

पक्षी घरी आल्याबरोबर प्रथम पाणी द्यावे. त्यात थोडा गूळ विरघळविला तर प्रवासाचा शीण लवकर जातो. हे पाणी काही तासांनी काढून टाकून भांडे धुवावे, कारण गुळाचे पाणी लवकर आंबते. खाद्य तासाभराने द्यावे. पाणी कोठे आहे हे प्रत्येक पक्ष्यास कळले की नाही, हे पाहिले पाहिजे. जो दूर उभा असेल त्याची चोच एकदा अलगद पाण्यात बुडवावी.

पक्षी संध्याकाळी पोचले तर ते एका अर्थी सोयीचे असते. पाणी व थोडे खाद्य झाल्यावर अंधार पडतो, पक्षी शांत होतात, आणि त्यांना एकेक करून हाताने दांडीवर बसविता येते. त्यांची पहिली जाग मग खुराड्यातच येते.

कोंडलेले दहा दिवस

या दिवसांत पक्ष्यांना बाहेरचा किडा, गवत वा धान्य काहीही मिळत नसल्याने पुरे खाद्य मालकानेच घालावयाचे असते. परसातल्या कोंबडीला मूठभर दाणे पुरतात, या नेहमीच्या हिशेबाने येथे चालू नये. आठ-दहा आठवड्यांचा पक्षी दिवसास सुमारे साठ ते सत्तर ग्रॅम खाद्य खातो. म्हणजे वीस पक्ष्यांना रोज सव्वा ते दीड किलो, व दहा दिवसांस बारा ते पंधरा किलो खाद्य लागेल. पाणी खाद्याच्या दुप्पट लागते व उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. नुसती ज्वारी किंवा तांदळाची कणी घातल्याने पोट भरते, पण वाढत्या पक्ष्याला लागणारी प्रथिने व क्षार तिच्यातून मिळत नाहीत. तयार मिश्रखाद्यच आणावे. दहा दिवसांचा हा खर्च वाया जात नाही, कारण पुढे अंगात जोम असलेला पक्षीच कुत्र्यासमोरून पळ काढू शकतो.

मेथी-कोथिंबिरीची देठे, शेवग्याचा पाला किंवा लसूणघास यांची जुडी बांधून पक्ष्यांच्या डोक्याच्या किंचित वर टांगून ठेवावी. उडी मारून पाला तोडण्यात त्यांचा वेळ जातो. कोंडलेल्या पक्ष्यांना उद्योग नसला की ते एकमेकांची पिसे उपटू लागतात, आणि एकदा रक्त दिसले की बाकीचे त्याच जागी चोची मारतात. एका कोपऱ्यात घमेलेभर कोरडी माती व चाळलेली राख ठेवावी. तीत लोळून पक्षी अंगावरील उवा व पिसवा कमी करतात.

या काळातील खरा धोका ओलाव्यापासून आहे. मोकळ्या कोंबडीची विष्ठा परसभर विखुरते व उन्हात वाळते. कोंडलेल्या कोंबडीची मात्र तिच्याच पायांखाली साचते. रक्ती हगवणीचे जंतू या विष्ठेतून बाहेर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की दीडदोन दिवसांत रोग देण्यास समर्थ होतात. म्हणून गादी कोरडी ठेवणे हा या रोगावरील निम्मा इलाज आहे. भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची दोनतीन इंच गादी घालावी, रोज सकाळी ती खालीवर करावी, पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी तत्काळ काढून तेथे कोरडी घालावी. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीइतकी असली तर पाणी कमी सांडते. विष्ठेत रक्त दिसले, पक्षी पिसे फुलवून कोपऱ्यात उभा राहिला, तर घरगुती उपायांत दिवस न घालविता पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणावे. या रोगात दोन दिवसांचा उशीरही महाग पडतो.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाविषयी येथे थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. कुमाऊँमधील ज्या गावाचे नाव या रोगास पडले तेथे तो १९२७-२८ च्या सुमारास ओळखला गेला, आणि तेव्हापासून आपल्याकडील परसातील कोंबड्यांचा तो प्रमुख वैरी आहे. रोगबीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, क्वचित पंधरा दिवसही लागतात. म्हणजे बाजारातून आणलेला व दिसावयास ठणठणीत असलेला पक्षी रोग घेऊन आलेला असू शकतो, आणि त्याला लागलीच मोकळे सोडले तर आपल्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही कोंबड्या तो आजारी पाडतो. दहा दिवस कोंडून ठेवल्याने हा धोका पुष्कळसा आटोक्यात येतो. आठवड्याच्या पिलास द्यावयाची पहिली लस व सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचावयाची दुसरी लस झालेली नसेल तर पक्षी आणल्यावर दोनचार दिवस विसावा देऊन, तो निरोगी असल्याची खात्री करून, पशुवैद्यकाकडून ती द्यावी. लसीपासून संरक्षण निर्माण होण्यास अवधी लागतो, यास्तव अशा पक्ष्यांना लस टोचल्यापासून दोन आठवडे बाहेर सोडू नये.

पुष्कळ पक्षी अकस्मात मरू लागले तर ते फेकून देऊ नयेत, वाटू नयेत, विकू नयेत. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये अनुसूचित रोगांचा संशय येताच खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. खबर दिल्याने आपल्या कोंबड्या जातील, या भीतीने गप्प बसणारा गृहस्थ साऱ्या गावाच्या कोंबड्या धोक्यात घालतो.

आता सवयीची गोष्ट. यंत्रावर उबविलेल्या पुष्कळशा पक्ष्यांनी दांडी कधी पाहिलेली नसते. रात्री ते जमिनीवर कोपऱ्यात एकावर एक ढीग करून बसतात, आणि खालचे गुदमरून मरतातही. पहिल्या चारपाच रात्री अंधार पडल्यावर आत जाऊन खाली बसलेला प्रत्येक पक्षी उचलून दांडीवर ठेवावा. या वेळी पक्षी प्रतिकार करीत नाही. चारदोन पक्षी शिकले की बाकीचे त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागतात. वाडा जोडलेला असेल तर रोज संध्याकाळी पक्षी वाड्यातून खुराड्यात आपण होऊन जातात की नाही, हे पाहावे. सारे पक्षी सलग तीन संध्याकाळी न हाकता आत गेले व दांडीवर बसले, म्हणजे ते मोकळे सोडण्यास योग्य झाले असे समजावे. दिवस मोजण्यापेक्षा ही कसोटी अधिक भरवशाची आहे.

खुराड्याच्या आत काळोख असेल तर पक्षी दारात घुटमळतात. बाहेर अद्याप उजेड आणि आत अंधार, अशा जागी पाऊल टाकण्यास ते भितात. तिन्हीसांजेस आत अर्धा-पाऊण तास एक लहानसा दिवा लावावा व सारे बसले की तो विझवावा.

हाकेची सवय याच दिवसांत लावावी. रोज संध्याकाळचे खाद्य घालताना एकाच माणसाने एकाच आवाजात हाक द्यावी, मग ती ‘आ आ’ असो, अथवा डब्यातील दाण्यांचा खुळखुळाट असो. हाक आणि दाणे यांची सांगड एकदा बसली की परसाच्या टोकाला असलेली कोंबडीही धावत येते. दाणे हातात नसताना गंमत म्हणून हाका मारण्याची मुलांची खोड मोडावी. दोनतीनदा फसलेली कोंबडी हाकेची किंमत कमी करते.

पहिली मोकळीक

पहिला दिवस निवडताना आभाळ निरभ्र असावे, वारा-पाऊस नसावा, आणि घरी दोन माणसे असावीत. त्या दिवशी दुपारचे खाद्य देऊ नये. सूर्यास्तापूर्वी सुमारे एक तास दार उघडावे. पक्ष्यांना बाहेर हाकलू नये, त्यांचे ते येतील. काही तर पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर येणारच नाहीत व त्यांत काही बिघडत नाही. जे बाहेर येतील ते खुराड्यापासून पाचदहा पावलांवरच घोटाळतील, कारण पोटात भूक आहे, उजेड कमी होत आहे, आणि ओळखीची जागा पाठीशी आहे. अर्ध्या-पाऊण तासाने नेहमीची हाक देऊन दाणे खुराड्याच्या आत टाकावेत. सारे आत आले की मोजावे व दार लावावे. मोजण्याचा कंटाळा करू नये. वीसच आहेत असे नुसते वाटणे आणि वीस मोजणे यांत फरक आहे, आणि बाहेर राहिलेला एक पक्षी मुंगसाला घराची वाट दाखवितो.

दुसऱ्या दिवशी दीड-दोन तास, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरापासून, अशी वेळ मागे मागे नेत आठवड्याभरात सकाळपासून सोडण्यापर्यंत यावे. पक्षी मोकळे हिंडू लागले तरी संध्याकाळचे दाणे बंद करू नयेत. दर पक्ष्यास तीस ते पन्नास ग्रॅम धान्य किंवा मिश्रखाद्य संध्याकाळी खुराड्यातच मिळाले पाहिजे. सकाळी दाणे देऊन संध्याकाळी उपाशी ठेवणे हा उलटा हिशेब आहे.

एखादी तलंग झाडावर चढून बसलीच तर तिच्यामागे दगड वा काठी घेऊन लागू नये. ती अधिक वर जाते आणि झाड हीच सुरक्षित जागा, असा तिचा ग्रह होतो. पुरता अंधार पडू द्यावा, मग विजेरी घेऊन जावे व तिला हाताने उतरवून दांडीवर ठेवावे. हीच खोड तिसऱ्या रात्रीही दिसली तर तिला आणखी चारपाच दिवस कोंडावे, किंवा तिच्या एकाच पंखाच्या टोकाकडील लांब पिसे कात्रीने अर्धी कापावीत. तोल जात असल्याने तिला उंच उडता येत नाही. पूर्ण वाढलेले पीस कापताना वेदना होत नाही, मात्र वाढत्या पिसाच्या दांड्यात रक्त असते, ते कापू नये. पिसे झडून नवी आली की उडण्याची शक्ती परत येते.

अंड्यावर आलेल्या कोंबड्या विकत आणल्या असतील तर जागा बदलल्याने त्या काही दिवस अंडी घालणे बंद करतात. त्यामुळे विक्रेत्याने फसविले असा तर्क करू नये. दर चारपाच कोंबड्यांस एक फूट औरसचौरस एक खोके या प्रमाणात खोकी ठेवून त्यांत गवत घालावे व एखादे लाकडी वा चुन्याचे खोटे अंडे ठेवावे. बहुतेक अंडी दुपारपूर्वी घातली जातात, म्हणून अशा कोंबड्यांना मोकळे सोडू लागल्यावरही काही आठवडे सकाळी नऊ-दहापर्यंत आतच ठेवावे. नाहीतर अंडी कुंपणाच्या जाळीत पडतात आणि मालकाआधी सापास व कावळ्यास सापडतात.

मोकळे सोडण्यापूर्वी परिसरावरून एकदा नजर फिरवावी. औषध लावलेल्या बियाण्याचे सांडलेले दाणे, उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष, फवारणीच्या औषधाची रिकामी डबडी या वस्तू माणसाच्या पायांखाली पडून राहतात, पण कोंबडीच्या नजरेतून सुटत नाहीत. कपाशीवर किंवा भाजीपाल्यावर फवारणी केली असेल तर तेवढे दिवस पक्षी पुन्हा वाड्यात ठेवावेत. खुराड्याची व हाकेची सवय झालेल्या पक्ष्यांना असे कोंडणे जड जात नाही. शेजाऱ्यांची वाफ्यातली रोपे उकरली जाणार नाहीत, याचीही तजवीज आधीच करावी. कोंबडीवरून झालेली भांडणे कोंबडीपेक्षा अधिक जगतात.

घरी आधीच कोंबड्या असल्यास

अशा घरी नव्यांचा कोंडवास दहा दिवसांवर न थांबविता तीन आठवडे करावा, आणि तोही जुन्यांपासून दूर. दाणापाणी प्रथम जुन्यांस द्यावे, मग नव्यांस, व नव्यांकडून परतल्यावर हातपाय धुवावेत. भांडी, फावडे, झाडू वेगळे असावेत.

रोगाची शंका मिटली की मग स्वभावाचा प्रश्न उभा राहतो. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला चोच मारावी याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१-२२ मध्ये ही गोष्ट प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली, जरी कोंबड्या बाळगणाऱ्या प्रत्येक घराला ती आधीपासून ठाऊक होती. नवा पक्षी आला की ही उतरंड पुन्हा लावावी लागते आणि थोडी झटापट होतेच. ती सौम्य व्हावी यासाठी पहिले आठ दिवस दोन्ही कळप जाळीच्या दोन बाजूंस, एकमेकांस दिसतील असे ठेवावेत. नंतर रात्री अंधारात नवे पक्षी जुन्यांच्या दांडीवर नेऊन बसवावेत, आणि सकाळी सारे एकदम बाहेर मोकळ्या जागी सोडावेत. बंद जागेत हार खाल्लेल्या पक्ष्यास पळावयास वाट नसते, मोकळ्या परसात ती असते. एकट्यादुकट्या नव्या पक्ष्यास मोठ्या कळपात टाकू नये, निदान तीनचार तरी एकत्र असावेत. खाद्याची व पाण्याची भांडी दोनतीन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे एखाद्या दांडग्या कोंबडीला सर्वांची वाट अडविता येत नाही. चोचीने टोचण्यापर्यंत गोष्ट राहिली तर मध्ये पडू नये. रक्त निघाले तर जखमी पक्षी लगेच वेगळा करावा व जखम भरल्यावरच परत आणावा. नवी तलंग वयाने व अंगाने लहान असेल तर ती जुन्यांच्या बरोबरीची होईपर्यंत थांबणेच इष्ट होय.

पुढे केव्हा खुराड्याची जागा बदलावी लागली, उदाहरणार्थ पावसाळ्यात पाणी साचते म्हणून अथवा शेतावरील घरी बिऱ्हाड हलविल्यामुळे, तर हाच क्रम पुन्हा करावा लागतो. चार हात अंतरावर सरकविलेल्या खुराड्यासही हा नियम लागू आहे. तिन्हीसांजेला कोंबड्या जुन्या रिकाम्या जागी जमून उभ्या राहतात आणि नवे खुराडे समोर दिसत असूनही त्यात शिरत नाहीत. अशा वेळी जुन्या जागचे जोते, दांड्या व आडोसा पूर्ण काढून टाकावा, पक्षी नव्या जागी पाच-सहा दिवस कोंडावेत, आणि पुन्हा सोडताना पहिल्या खेपेप्रमाणेच सूर्यास्तापूर्वी तासभर दार उघडून सुरुवात करावी.